किती वाजता काढणार?

कोणी गेल्याचा फोन आला की मराठी माणूस ठरलेल्या क्रमानं तीन गोष्टी बोलतो. आधी "अरेरे". मग "कधी?" आणि मग आवाज किंचित खाली आणून, "किती वाजता काढणार?" पहिल्या दोहोंत खरं दुःख असतं. तिसऱ्यात लोकलचं वेळापत्रक, अर्ध्या दिवसाची रजा आणि जेवून निघावं की येऊन आंघोळ करून जेवावं, हा पेच असतो. याचं कोणी वाईट वाटून घेत नाही. ज्याच्या घरी घडलेलं असतं त्यानंही जन्मभर दुसऱ्यांना हेच विचारलेलं असतं. त्याला जसं प्रत्येकानं "अकरापर्यंत" सांगितलं, तसं तोही "अकरापर्यंत" सांगतो.

अकराला कधीच काढत नाहीत. सोलापूरची मुलगी निघालेली असते. ती "इंदापूर सोडलं" असं कळवते आणि पुढचा तासभर तिचं इंदापूर काही सुटत नाही. तोवर पुरुषमंडळी इमारतीखाली पार्किंगमध्ये हाताची घडी घालून उभी. पहिली वीस मिनिटं आजारावर जातात. नंतरची वीस डॉक्टरवर, कारण गेलेल्या माणसाला वाचवायचा उपाय पार्किंगमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. त्यापुढे गाडी इमारतीच्या पुनर्विकासावर येते आणि तिथे रमते. पूर्वी पुनर्विकासाला पंचाहत्तर टक्के सभासदांची संमती लागायची, २०१९ पासून ५१ टक्के पुरते. कोणीतरी वरच्या मजल्याकडे बघत हळूच विचारतो, "यांची सही झाली होती का हो?" सगळे त्याच्याकडे रागानं बघतात आणि मग सेक्रेटरीकडे उत्तरासाठी बघतात.

या सगळ्यात एक गृहस्थ मात्र कामात असतो. एरवी सोसायटीत त्याला कोणी विचारत नाही. गणपतीत आरतीचं तबकसुद्धा त्याच्या हाती देत नाहीत. पण ताटी बांधायची म्हटली की अख्ख्या गल्लीत दुसरं नाव निघत नाही. तो येतो तोच बाह्या सरसावून. बांबूवर बोटानं टकटक करतो, कामट्या उन्हात धरून बघतो आणि सुतळीचं बंडल दोन बोटांत उचलून विचारतो, "ही कोणी आणली? हिनं पेढ्यांचा पुडा बांधायचा." आणणारा कंपनीत दोनशे माणसांवरचा साहेब असतो, पण तो मान खाली घालून दुसरी सुतळी आणायला धावतो. इतक्यात गर्दीतून परगावचा एक पाहुणा म्हणतो, "आमच्याकडे आडव्या सात घालतात." आता दोन घराणी समोरासमोर आली. घाट आणि कोकण यांच्यात किती कामट्यांचं अंतर आहे, पीळ द्यायचा की गाठ मारायची, गवत आधी की कापड आधी, यावर जी चर्चा होते तिच्यात आवाज चढतात. मला तर अशा वेळी दर खेपेस वाटतं की जमलेल्यांत सर्वांत शहाण्यासारखं कोणी वागत असेल तर ते आत निजलेलं मयत.

अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान हा वेगळाच प्रकार. पुण्याच्या पेठांतून ही दुकानं रात्री-अपरात्रीही उघडी मिळतात. दुपारची झोप हा जिथे धर्म आहे, त्या शहरात ही गोष्ट लहान नव्हे. दुकानदार "काय हवंय" असं विचारत नाही. "बाई की पुरुष?" आणि लगेच "उंची?" एवढंच. मडकं, शिंकाळं, कापड, गुलाल, बुक्का, गोवऱ्या, तुळशीची काडी, सगळं एका पिशवीत तयार. या दुकानात पुणेकर घासाघीस करत नाही, "कोपऱ्यावर पाच रुपयांनी कमी आहे" असं म्हणत नाही, बदलून मिळेल का हेही विचारत नाही. दुकानदारही "पुन्हा या" म्हणत नाही. "आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी या एकाच दुकानात लावली असती तर गिऱ्हाइकाला उलट धीर आला असता.

मग कागद. माणूस गेला हे वीस नातेवाइकांना दिसतं, पण ते पुरत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. त्यानुसार २१ दिवसांच्या आत वर्दी द्यावी लागते. कारणाचा दाखला डॉक्टरचा. दवाखान्यात गेला असेल तर नमुना ४, घरी गेला असेल तर नमुना ४-अ. म्हणजे मरणाऱ्यानं निदान नमुना ठरवून मरावं अशी अपेक्षा. खिडकीवर गेलेल्या धाकट्या भावाला "मयताचं आधार कार्ड, मूळ प्रत" असं सांगतात, आणि मूळ प्रत ज्या कपाटात आहे त्याची किल्ली कुठे ठेवलीय हे फक्त मयताला माहीत असतं.

तरी हे बरं. पेन्शनराला जिवंत असल्याचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. २०१४पासून तो यंत्रावर अंगठा ठेवूनही देता येतो, पण ऐंशी वर्षं घासलेल्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नसतात. आजोबा समोर खोकतायत, "अरे, मीच आहे मी," म्हणतायत आणि यंत्र म्हणतंय, जुळत नाही. असण्याचा पुरावा दरवर्षी, नसण्याचा एकदाच. सरकारदरबारी मरणच सुटसुटीत पडतं.

पुण्यात पीएमपीच्या शववाहिनीचं नाव "पुष्पक". रावणाकडून रामाकडे आलेलं विमान शेवटी बससेवेकडे आलं. जन्मभर बसच्या दांड्याला लोंबकळून गेलेल्या माणसाला अखेर ऐसपैस आडवं होऊन जायला मिळतं, आणि सुट्टे पैसे कोणी मागत नाही.

स्मशानात पोचल्यावर दोन गट पडतात. एक आत, चितेशी. दुसरा बाहेर, बाकांवर. आतल्या गटात जुने-नवे वाद असतात. एका दहनाला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, तेव्हा विद्युतदाहिनी काय वाईट, असं तरुण म्हणतात. "बटण दाबून कसलं जाळायचं?" असं म्हातारे म्हणतात, कारण बटणाचा प्रश्न त्यांना जवळचा वाटू लागलेला असतो. या हट्टावर सतीश आळेकरांनी १९७४ साली "महानिर्वाण" लिहिलं. त्यातले भाऊराव नाटक सुरू होतानाच मेलेले असतात, उठून आपल्याच मरणाचं कीर्तन लावतात आणि जाळायचं तर बंद पडलेल्या जुन्या स्मशानातच, म्हणून अडून बसतात. थिएटर अकॅडमीच्या प्रयोगात चंद्रकांत काळे भाऊराव व्हायचे. लोकांना ते नाटक अचाट वाटलं. मला ते बरंचसं वास्तववादी वाटतं. ज्या माणसानं चाळीतली खोली सोडायला तीस वर्षं घेतली तो स्मशान एका झटक्यात कसं बदलेल?

बाहेरच्या बाकांवर भाषणं होतात. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण ज्यानं केली तो नक्की कुठल्या तरी स्मशानातल्या बाकावर बसलेला असणार. ज्यानं सोसायटीच्या सभेत दुसऱ्याला वाक्य पुरं करू दिलं नाही तो "मितभाषी" ठरतो. ज्याच्या डोळ्यांना डोळा द्यायला बायको घाबरायची तो "कुटुंबवत्सल". वक्ता बहुधा मयताबद्दल सुरू करतो आणि तिसऱ्या वाक्याला स्वतःवर येतो. "अण्णांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी नुकताच शाखाधिकारी झालो होतो." पुढची सहा मिनिटं शाखेची. ठेवी किती वाढल्या, थकबाकी किती वसूल झाली, बदली कशी रोखली. अण्णा त्यात दोनदा येतात, दोन्ही वेळा वक्त्याचं कौतुक करायला. मग दोन मिनिटं स्तब्धता, जी कोणीतरी घड्याळात बघून चाळीस सेकंदांत उरकतो.

घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात पाठवतात. खालून एक, समोरून एक, मागच्या इमारतीतून एक, असं करत संध्याकाळपर्यंत ओट्यावर पिठल्याची पाच पातेली जमतात. घरातली आत्या दुपारपासून रडून लाल झालेली असते. भूक नाही, नाही म्हणत ती उठते, एकेका पातेल्यावरचं झाकण सारते, चमच्याच्या टोकानं चाखते आणि डोळे पुसत म्हणते, "हे कोणाचं गं? हिंग बरा पडलाय." दुसऱ्यापाशी नुसतीच मान हलवते. "गुठळ्या. तिच्या सासूचंही असंच व्हायचं." मोठ्या भावाच्या दुःखानं आत्याची जीभ तसूभरही बधिर झालेली नसते, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाला "कसं झालं?" हे पहिल्यापासून ऐकायचं असतं. घरच्या काकूंनी, म्हणजे गेलेल्याच्या बायकोनं, पहिल्या दिवशी ते दोन वाक्यांत, तेही तुटक, सांगितलेलं असतं. सकाळी उठले, चहा घेतला, आणि... चौथ्या दिवसापर्यंत त्याचं आख्यान होतं. त्यात चहात आलं जास्त झाल्याची तक्रार येते, खिडकीतलं कबूतर येतं, "तू पण घे ना चहा" हे वाक्य येतं. त्या वाक्यापाशी काकू थांबतात आणि समोरच्या बाईचा पदर डोळ्याला जातो. कोपऱ्यात बसलेल्या नातीला सगळं पाठ झालेलं असतं. एखादी पायरी गळली की ती सांगते, "आजी, पेपरचं राहिलं." आजी म्हणते, "हो, पेपर मागितला," आणि पुढे सुरू.

महाराष्ट्रात जो जातो तो आधी चहा घेऊन जातो, असं माझं निरीक्षण आहे. येणाराही रिकाम्या हातानं येत नाही, स्वतःचा एक मृत्यू घेऊन येतो. "आमच्या साडूंचं तर चहासुद्धा राहिला हो. कप असा हातात." काकूंना क्षणभर हरल्यासारखं होतं.

येण्यापेक्षा जाणं कठीण. सुतकाच्या घरातून निघताना "येतो" म्हणायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मग म्हणायचं काय, हे कोणालाच माहीत नसतं. पाहुणा गुडघ्यांवर हात ठेवतो, "बरं" म्हणतो आणि तसाच बसतो. थोड्या वेळानं "मग..." म्हणतो. घरातल्यांनी "बसा" म्हणायचं नाही, "या" म्हणायचं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांकडे बघत राहतात. शेवटी तो काही चोरल्यासारखा उठतो आणि दाराकडे सटकतो. एकदा एका विमा एजंटाला सवयीनं दारात हात जोडून "असेच भेटत राहू" म्हणताना मी ऐकलं आहे. घरातला थोरला "हो, हो, नक्की" म्हणाला. त्यालाही सवयच होती.

सुतक कोणाला किती, हा गणिताचा भाग. भाऊबंदांना दहा दिवस, लग्न होऊन गेलेल्या मुलीला तीन, असं ढोबळ माहीत असतं, पण गणपती आठवड्यावर आला की लोक वंशावळीत खोल उतरतात आणि आपली शाखा सात पिढ्यांपूर्वीच फुटली होती असा पुरावा शोधतात. उलटही घडतं. विहिरीच्या पाण्यावरून वीस वर्षं कोर्टात भांडणारे चुलत भाऊ सुतक मात्र बिनतक्रार पाळतात. वाटणीपत्रात न आलेली तेवढी एकच मिळकत.

संध्याकाळी गरुडपुराण. हा ग्रंथ ज्यानं रचला त्याला प्रवासाचा हिशेब पक्का ठाऊक होता. यमपुरीचा रस्ता ८६ हजार योजनांचा. जीव रोज २४७ योजनं चालतो. भागून बघितलं तर ३४८ दिवस निघतात, म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत माणूस मुक्कामी. योजन चार कोसांचं धरलं तर रोजची चाल तीन हजार किलोमीटरांच्या वर जाते. काश्मीरहून निघून संध्याकाळी कन्याकुमारीच्या जवळपास. आणि या प्रवासासाठी आपण दान काय करतो? एक छत्री, एक काठी आणि एक चप्पलजोड. चप्पलही गुरुजींच्या मापाची.

वाटेत वैतरणी लागते. पू आणि रक्तानं भरलेली ती नदी गाईचं शेपूट धरून ओलांडायची, म्हणून गोदान. हल्ली गाईच्या जागी चांदीची चिमुकली गाय चालते, तीही नसेल तर यथाशक्ती रक्कम. नोटेला शेपूट कुठे असतं, असं एका मुलानं विचारलं होतं. त्याला आतल्या खोलीत पाठवलं. पण मुंबईकराला वैतरणीचं भय घालण्यात अर्थ नाही. तो रोज सकाळी वैतरणेचंच पाणी पितो. मोडकसागर तिच्यावर, मध्य वैतरणा धरण तिच्यावर. पश्चिम रेल्वेवर विरार सोडलं की पुढचं स्टेशनच वैतरणा. २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल जाते आणि माणसं रोज ती नदी ओलांडून कामावर येतात, संध्याकाळी परत जातात. सकाळच्या गाडीत एका हाताच्या दोन बोटांनी दाराची कड धरून ज्यानं तीस वर्षं काढली त्याला गाईचं शेपूट म्हणजे चैन.

दहाव्याला घाट. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत दशक्रिया हा आता जाहीर कार्यक्रम झाला आहे. मांडव, ध्वनिक्षेपक, फ्लेक्सवर हसऱ्या मयताचा फोटो, खाली "शोकाकुल" म्हणून चाळीस नावं आणि कोपऱ्यात, मयताहून थोडा मोठा, तालुक्याच्या नेत्याचा फोटो. आधी प्रवचन, मग श्रद्धांजली. निवडणूक जवळ आली की पुढारी एका सकाळी तीन-तीन दशक्रिया करतात, आणि तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत नाव चिठ्ठीत बघून घ्यावं लागतं. सूत्रसंचालक लग्नाचाच असतो. तो मध्येच "यानंतर आपल्या लाडक्या..." असं म्हणून जीभ चावतो.

एका अशा सकाळी मी नदीकाठी होतो. पिंड मांडलेले, शेजारी पुरणपोळी, जिलबी, बुंदीचा लाडू. समोरच्या चिंचेवर पाच-सहा कावळे. घाटावरचे कावळे खाऊन-पिऊन सुखी असतात, त्यांना घाई नसते. थोरला मुलगा हात जोडून पुढे झाला. "दादा, आईला सांभाळीन." कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, "रस्त्याकडची जमीन विकणार नाही." थोरल्यानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. कावळ्यानं पाहिलंच नाही. मग नेते स्वतः पुढे आले आणि मोठ्यानं म्हणाले, "दादांच्या नावानं गावात सभामंडप उभा करू, येत्या मार्चच्या आत." जो एक कावळा खालच्या फांदीवर आला होता तो उडून वर गेला. मागे कोणीतरी खोकला.

गुरुजी पंचांगात तिथी बघावी तशा गांभीर्यानं घड्याळात बघत होते. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, ती सोय आहे. पण ती लाजिरवाणी. गावात वर्षभर बोलतात. तेवढ्यात बायकांमधून मयताची बायको उठली. पदर खोचून पुढे आली आणि पानाकडे बघून सुनेवर कडाडली.

"हे लाडू कोणी ठेवले? गोडाला कधी शिवले होते का ते? भजी ठेवा भजी. कांद्याची."

"कांदा चालत नाही," गुरुजी म्हणाले.

"त्यांना चालायचा."

"शास्त्रात नाही बसत, आजी."

"तेही नाही बसायचे."

शेवटी तडजोड बटाट्याच्या भज्यांवर झाली. एक पोरगं मोटारसायकलवरून फाट्यावरच्या हॉटेलात गेलं आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात भजी घेऊन आलं. पुडी सोडून पानावर ठेवतं न ठेवतं तोच वरून एक कावळा सरळ खाली आला, सगळ्यात मोठं भजं चोचीत धरलं आणि चिंचेवर जाऊन बसला. पिंडाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

आता हे शिवणं झालं की नाही, यावर दोन तट पडले. चुलत्याचं म्हणणं, पिंडाला चोच लागायला हवी. मामाचं म्हणणं, पान एकच, तेव्हा कुठेही लागली तरी लागली. नेते दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. थोरल्या मुलानं हताश होऊन गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी एकदा चिंचेवर पाहिलं, एकदा घाटाच्या पायऱ्यांवर ताटं घेऊन उन्हात खोळंबलेल्या पुढच्या दोन घरच्या मंडळींकडे पाहिलं, आणि उपरणं झटकत निकाल दिला.

"शिवला. उचला पानं. आणि उरलेली भजी इकडे आणा."